घरातलं नेट नेमकं कोण चालवतं? (कोणत्या वयाचा माणूस काय करतो आणि का)

सेतूवाला

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. बोर्डावर काहीही लिहिलं तरी लोक 'सेतू'च म्हणतात, म्हणून आयडीही तोच.

"आजकालच्या पोरांना सगळं येतं आणि म्हाताऱ्यांना काही येत नाही," हे वाक्य काउंटरवर रोज ऐकतो आणि रोज समोर वेगळंच दिसतं. म्हणून हा धागा.

आधी पोरांचं सांगतो. दहावी-बारावीचा निकाल लागला की उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रिमिलेअर यासाठी रांग लागते. ही पोरं रील अशी कापतात की ठोका आणि चित्र एका क्षणाला पडतं. पण "ईमेल आयडी सांग" म्हटलं की एकमेकांकडे बघतात. आयडी असतो, फोन घेताना दुकानदाराने काढून दिलेला. पासवर्ड माहीत नसतो, कारण आजवर तो लागलाच नाही, सगळा कारभार ओटीपीवर. फोटो अमुक केबीच्या आत करून आण म्हटलं तर तो केबी कुठे बघायचा हा प्रश्न. पीडीएफ कुठे ठेवलीस? "व्हॉट्सॲपमध्ये आहे." कोणाच्या? "मित्राच्या." यात पोरांना हसण्यासारखं काही नाही. फाइल नावाची वस्तू त्यांच्या वाट्याला आलीच नाही. फोटो गॅलरीत, गाणं ॲपमध्ये, नोट्स ग्रुपवर. फोल्डर करायची वेळच आली नाही.

चाळीस ते पंचावन्नवाले मात्र पेन ड्राइव्ह घेऊन येतात आणि त्यात 'मुलीचे कागद', 'जमीन', 'विमा' असे फोल्डर. ही एमएस-सीआयटी केलेली पिढी. २००१च्या पुढे सरकारी नोकरीसाठी, बढतीसाठी, नाहीतर शेजारच्याने केला म्हणून तो कोर्स केला आणि फाइल-फोल्डर डोक्यात पक्कं बसलं. नेटवर ते कार्यालयात गेल्यासारखे जातात, काम झालं की बाहेर. (फेसबुकवर राजकारण करणारे सोडून. ते बाहेर येतच नाहीत.)

साठीच्या पुढचे नोव्हेंबरात दिसतात, हयातीच्या दाखल्याला. 'जीवन प्रमाण' २०१४ सालीच आलं, पण ते ठशांवर चालायचं आणि ज्यांच्या हयातीचा प्रश्न त्यांचेच ठसे झिजलेले. लिंबू चोळून, बोट पुसून, चार-चारदा दाबूनही मशीन नकारच द्यायचं. २०२१च्या नोव्हेंबरात चेहऱ्यावरून दाखला मिळायला लागला तेव्हापासून काही आजोबा घरीच करतात आणि मला दाखवायला येतात. हे करायला ते शिकले कारण नड होती. बाकी फोनमध्ये काय आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

शेतकऱ्यांचं प्रकरण अजून वेगळं. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आली. शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, तो सातबाऱ्यावर चढतो. एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. मग व्हायचं तेच झालं. भावकीतला एक पुतण्या धरला जातो आणि तो सगळ्यांच्या बांधावरून फिरतो. सरकारी नोंदीत शेतकऱ्यांनी ॲप वापरलं. प्रत्यक्षात एकाने वापरलं.

आणि २०२५ मध्ये लाडकी बहीणचं ई-केवायसी. वयाची अट २१ ते ६५. म्हणजे कॉलेजच्या मुलीपासून आजीपर्यंत सगळ्या एकाच रांगेत. बाईच्या आधारचा ओटीपी एका नंबरावर, नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा दुसऱ्या नंबरावर, आणि तो नंबर ऊसतोडीला गेलेला. त्या रांगेत वयाने काही फरक पडत नव्हता. फोन स्वतःचा आहे की नाही, एवढाच फरक होता.

म्हणून माझं म्हणणं असं. वयाप्रमाणे वापर मोजणं फसवं आहे. आमच्याकडे घरटी एक जण नेट 'चालवतो', बाकीचे त्याच्या मार्फत असतात. तो बहुतेक सतरा-अठरा वर्षांचा. आजोबांची पेन्शन, काकांची पीकपाहणी, आईचं केवायसी, लाइटबिल, गॅसचा नंबर, सगळं त्याच्या बोटावर. तो शिकायला पुण्याला गेला की घर ऑफलाइन.

तुमच्या घरी कोण चालवतं? आणि तुम्ही स्वतः कशासाठी येता इथे?

---

अंजीर

रुमाल टाकून ठेवते. संध्याकाळी सविस्तर लिहिते.

---

सांजवात

छान विषय सेतूवाला. मी निवृत्त शिक्षिका, कोल्हापूर. वय ६८. घरात चालवणारा आता कोणी नाही, मीच चालवते, आणि ते सुखाने शिकले नाही.

झालं असं की मुलाला काही विचारलं की तो फोन हातातून घेई, टकटक करी आणि परत देई. "झालं, आई." काय झालं ते माझ्या डोळ्यांना दिसायच्या आत. आयुष्यभर मुलांना शिकवलंय, मुलाच्या हातातली पाटी घेऊन आपणच गणित सोडवलं तर त्याला काय येणार? सून मात्र हाताची घडी घालून बसते आणि "तुम्ही दाबा" म्हणते. तिच्यामुळे आलं. आता बोलून टाइप करते, मराठी छान उठतं. फक्त 'ळ'च्या वेळी फोन अडखळतो.

आता त्या गुड मॉर्निंगबद्दल. आम्हाला हसता ना? आमच्या निवृत्त बाईंच्या गटात जवळपास निम्म्या एकट्या राहतात. सकाळी नऊपर्यंत जिचं फूल आलं नाही तिला फोन जातो. फोन उचलला नाही तर तिच्या शेजारणीला. एकदा एक मैत्रीण न्हाणीघरात घसरून पडली होती, तिचा तपास असाच लागला. ते गुलाबाचं चित्र कोणी बघत नाही हो. कोणाचं आलं आणि कोणाचं नाही, तेवढंच बघतो.

---

कडूलिंब

सांजवात ताई, गुलाबावर आक्षेप नाही. पण गुलाबापाठोपाठ जे येतं त्यावर आहे.

१ जुलै २०१८, राईनपाडा, साक्री तालुका, धुळे जिल्हा. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज फिरत होते. आठवडी बाजाराचा दिवस. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आणली. २०२० मध्ये फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. दोन बाण दिसतात ते त्याचेच.

आणि हे म्हाताऱ्यांचं पाप म्हणून सांगत नाहीये. तसले मेसेज पुढे ढकलणाऱ्यांत माझ्या वयाचे, पस्तिशी-चाळिशीतले, भरपूर असतात. आपल्याकडे सगळं खापर आजीच्या फॉरवर्डवर फोडायची सवय आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं.

---

सांजवात

मान्य. आमच्या गटात दोन बाण दिसले की "स्रोत?" एवढाच शब्द लिहायचा नियम केलाय. भांडणं झाली, दोघी सोडून गेल्या, एक परत आली.

---

रात्रपाळी

वय २३. मूळ हिंगोली, सध्या पुण्यात सदाशिव पेठेत अभ्यासिकेत. कशाची तयारी ते सांगायला नको.

सेतूवाला दादा, ईमेलचं अगदी बरोबर. पहिला फॉर्म भरेपर्यंत मलाही पासवर्ड म्हणजे फोनचं लॉक एवढंच माहीत होतं. पण आमच्या वयाचे काय करतात हे आमच्या तोंडून ऐका. आम्ही गूगलवर शोधत नाही, यूट्यूबवर शोधतो. अंकगणिताची युक्ती, गॅस शेगडी दुरुस्ती, भाड्याचा करार, सगळं कोणीतरी बोलून दाखवलेलं असतं. टेलिग्रामवर नोट्स. इतक्या नोट्स की त्या उतरवण्यातच अभ्यास केल्याचं समाधान मिळतं आणि वाचायचं राहून जातं.

इन्स्टावर दोन खाती बहुतेकांची. एक ज्यात मामा-मावशी आहेत, एक ज्यात नाहीत. यावर घरची मंडळी चिडतात की "लपवण्यासारखं काय आहे?" काही नाही. गावी दोन खोल्यांत आम्ही सहा जण राहायचो. आतून कडी लावता येईल अशी फोन ही एकच खोली मिळाली आम्हाला. आत जाऊन बऱ्याचदा नुसतं पडून राहतो, तेवढंच.

आणि घर मीच चालवतो, इथून. अभ्यासिकेत बसलेलो असताना बाबांचा फोन येतो, "ओटीपी आलाय, लिही." मी लिहितो. पाच मिनिटांनी काकांचा. हे करता करता एक दिवस लक्षात आलं की आपण काय करून ठेवलंय. सगळं जग ओरडतंय, ओटीपी कोणाला सांगू नका. आणि माझ्या बाबांना ओटीपी म्हणजे काय ते माहीत आहे, तर तो फोनवर मोठ्याने वाचून दाखवायचा आकडा. ही सवय मीच लावली. उद्या कोणी "बँकेतून बोलतोय, आकडा वाचा" म्हणाला तर ते वाचणारच. ते भोळे आहेत म्हणून नाही, वर्षानुवर्षं तसंच करत आलेत म्हणून.

---

कडूलिंब

+१. या कोनातून कधी विचार केला नव्हता.

---

सेतूवाला

रात्रपाळी, पोटात गोळा आला वाचून. कारण मी काउंटरवर दिवसभर हेच करतो. "काका, आकडा वाचा." आणि भिंतीवर माझीच पाटी, 'ओटीपी कोणालाही सांगू नका'.

फसवणुकीबद्दल एक जाता जाता. पैसे गेले तर तासाभरात १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, लाजू नका. जितका लवकर फोन, तितकी रक्कम मध्येच अडवली जायची शक्यता जास्त. आणि 'डिजिटल अरेस्ट' असा कुठलाही प्रकार कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर पोलीस अटक करत नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनीही 'मन की बात'मध्ये हे सांगितलं, तरी निवृत्त मंडळी अडकतातच. का, तर आयुष्यभर सरकारी कागदाला मान देऊन जगलेली माणसं. पडद्यावर शिक्का आणि टोपी दिसली की हात जोडतात. तुमच्या घरच्यांना एवढंच सांगून ठेवा की असा फोन आला तर आधी ठेवायचा, मग घरी कळवायचं.

---

परदेशी पाहुणा

न्यू जर्सीहून. वय ५६.

वयोगटाच्या गणितात एक गोष्ट सुटतेय. माणूस कोणत्या वयाचा आहे यापेक्षा नेट त्याच्या आयुष्यात कोणत्या वयाला आलं, हे जास्त महत्त्वाचं. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ला, तेही मोजक्या शहरांत. आम्ही तेव्हा इथल्या विद्यापीठांत होतो, विशी-पंचविशीचे. मायबोली हे मराठी संकेतस्थळ १९९६चं. देवनागरी धड दिसायची नाही, रोमनमध्ये मराठी लिहायचो, नाहीतर 'शिवाजी' फॉन्ट. कार्यालयात मराठी ऐकू येत नाही, बायकोला-नवऱ्याला तरी किती बोलणार, म्हणून रात्री अनोळखी माणसांशी पुरणपोळीच्या सारणावर वाद घालायचो. तेव्हा मराठी इंटरनेट म्हणजे तरुणांचा अड्डा होता. आज तीच माणसं पंचावन्नची झालीत आणि अजून लांबलचक परिच्छेद लिहून वाद घालतायत. माझी मुलगी म्हणते, "एवढं कोण वाचतं?" तिला दोष नाही. आम्ही नेटवर आलो तेव्हा नेट म्हणजे मजकूरच होता. ती आली तेव्हा ते हलतं चित्र झालं होतं.

साताऱ्याला आई-बाबा. पूर्वी कॉलिंग कार्ड खरवडून नंबर काढायचा आणि मिनिटं मोजत बोलायचं. आता रोज व्हिडिओ कॉल. त्यात बाबांचं कपाळ दिसतं, नाहीतर पंखा. बाबांच्या बँकेच्या ॲपचा पासवर्ड माझ्याकडे आणि ओटीपी त्यांच्याकडे. तिकडे दुपार असते तेव्हा मी मध्यरात्री उठून लाइटबिल भरतो. म्हणजे सेतूवाला, तुमच्या त्या पुतण्याचंच काम, फक्त महासागरापलीकडून आणि केस पांढरे झाल्यावर.

---

खडू-फळा

जिल्हा परिषद शिक्षक. आकडे आवडतात म्हणून देतो. 'असर' हे मुलांच्या शिक्षणाचं सर्वेक्षण, २०२४चं, ग्रामीण भारत, वय १४ ते १६. स्मार्टफोन वापरता येतो असं सांगणारी मुलं ८२ टक्क्यांच्या वर. त्यांतल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात फोनवर अभ्यासाचं काहीतरी केलं होतं, ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमं वापरली होती. लोक ७६चा आकडा बघून कपाळावर हात मारतात. मला ५७चा जास्त वाटला. टाळेबंदीत मार्च २०२० नंतर फोन आम्हीच दिला त्यांच्या हातात. "गटावर गृहपाठ टाकलाय." घरात फोन एक, तोही वडिलांबरोबर सकाळी कामावर गेलेला. मुलं रात्री नऊला गृहपाठ करायची. शाळा उघडली, फोन परत जाईना.

त्याहून लहानांचं तर विचारू नका. घास भरवताना फोन. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलंय की वर्षाखालच्या बाळाला पडदा अजिबात नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना फार तर तासभर. अंगणवाडीत ज्या आया हे ऐकून मान डोलावतात त्यांच्याच कडेवरचं पोर त्यांच्या पर्समधला फोन उघडत असतं.

गावांनी उपाय केलेत. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, टीव्ही-मोबाइल बंद. दीड तासाने दुसरा भोंगा. त्याच वर्षी यवतमाळमध्ये पुसद तालुक्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीने अठराच्या आतल्यांना मोबाइलबंदीचा ठराव केला. ऑस्ट्रेलियाने तर १० डिसेंबर २०२५ पासून सोळाखालच्यांना मोठ्या समाजमाध्यमांवर खातंच ठेवू द्यायचं नाही असं कायद्याने केलं. मला विचाराल तर वडगावचा भोंगा बरा. तो बापालाही लागू आहे.

---

रात्रपाळी

सर, भोंग्याला हात जोडतो. पण बान्सीच्या ठरावाने ई-पीक पाहणी कोण करणार, हे सेतूवाल्यांना विचारा 😄 (गंमत हो, दिवे घ्या)

---

दोडका

मी बहुतेक वेळा नुसती वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. निफाड तालुका. वय ३७.

तुमच्या सगळ्या चर्चेत आमच्या वयाच्या घरी असलेल्या बायका लाडकी बहीणच्या रांगेत एकदा दिसल्या, मग गायब. आमचं नेट रात्री साडेदहानंतर चालू होतं. सगळे झोपल्यावर, ओटा पुसून. तोपर्यंत फोन मुलाकडे असतो. ब्लाउजचे गळे, केक, मालिकेचा राहिलेला भाग. बचत गटाचे पापड-कुरडया मी स्टेटसला लावते, ऑर्डर त्यावरच येतात, वेगळं दुकान काय करायचंय? पैसे मात्र नवऱ्याच्या क्यूआरवर येतात, कारण खात्याला नंबर त्यांचा. दिवसभर त्यांच्या खिशात "पैसे मिळाले"चा मेसेज वाजतो, आणि संध्याकाळी मी विचारते किती झाले.

---

कडूलिंब

दोडका ताई, लिहीत राहा. तुमच्या एका परिच्छेदात जे आहे ते आकड्यांतही दिसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) 'कधीतरी तरी इंटरनेट वापरलंय का' या प्रश्नाला देशभरात हो म्हणणारे पुरुष ५७ टक्के आणि बायका ३३. एवढी मोठी दरी, आणि आपण चर्चा करतो तरुण विरुद्ध म्हातारे.

---

अंजीर

रुमाल उचलते. थोडक्यात लिहिते, बरंच तुम्ही लिहिलंय.

माझा मोठा भाऊ जन्मापासून ऐकू शकत नाही. वय ५१. आमच्या घरात व्हिडिओ कॉल सगळ्यात आधी तो शिकला, आम्ही भावंडं नंतर. त्याआधी तो मित्रांशी बोलायला दर रविवारी बसने नाशिकला जायचा, कारण हातांनी बोलायचं तर समोर असणं भाग होतं. स्वस्त डेटा आला २०१६ मध्ये, जिओनंतर. त्यानंतर तो रोज रात्री गच्चीत उजेडाखाली उभा राहून तासतास बोलतो. शेजारचे विचारतात, हा एकटाच हातवारे कोणाला करतो?

वयाच्या कुठल्या रकान्यात टाकणार त्याला?

---

परदेशी पाहुणा

अंजीर, सुरेख. (गच्चीत उजेड कमी पडत असेल तर रिंग लाइट पाठवतो, खरंच. खासगी निरोप करा.)

---

सेतूवाला

सगळ्यांचे आभार. सांजवात ताईंचं "तुम्ही दाबा" मी कालपासून काउंटरवर चालू केलंय. रांग लांबली, मागचे ओरडले. पण एका मावशीने ओटीपी स्वतः बघून स्वतः भरला. मी मान वळवून बसलो होतो. बाहेर जाऊन तिने दोघींना सांगितलं. त्या आज आल्या आणि म्हणाल्या, आम्हालाही तसंच करू द्या. बाकीच्यांना अजून "तुम्हीच भरा ना" हवं असतं, आणि संध्याकाळी सर्व्हर बसायच्या बेतात असताना मीही भरतोच.

दोडका ताई, पैसे येण्यासाठी खातं तुमच्या स्वतःच्या नावावर, स्वतःच्या नंबरावर काढता येईल. क्यूआरही वेगळा मिळेल. आधी आधारला तुमचा नंबर जोडलेला आहे का बघा.

---

दोडका

आधारला पण यांचाच नंबर आहे. माझं सिम आहे, दोन वर्षांपासून. बदलायला काय कागद लागतात? आणि तालुक्याला जायलाच हवं का?

---

सेतूवाला

नंबर बदलायला वेगळा कागद लागत नाही. तुमचा अंगठा आणि आधार क्रमांक पुरतो, पण ते ओटीपीवर घरबसल्या न करता समोरासमोर करून घ्या. आधार केंद्रात होतं. तालुक्याला जायचं नसेल तर गावच्या पोस्टमनला विचारा. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमन दारात येऊन नंबर बदलून देतात, २०२१ पासून ही सोय आहे. ठरलेली फी असते, तिची पावती घ्या.

सिम तुमच्या नावावर आहे ना, तेवढं आधी बघून घ्या. पुष्कळदा तेही मुलाच्या नावावर निघतं.